कोरियन डॉक्टरबाईंचा नवरा

दुबईला जाऊन आलेला माणूस काय काय पाहिलं ते सांगतो. मी काय पाहिलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटायला नको. सोन्याचा बाजार पाहिला नाही. वाळवंटात उड्या मारणाऱ्या मोटारीत बसलो नाही. उंट पाहिला तो खजुराच्या डब्यावर. मग एवढे आठवडे लेकीकडे राहून केलं काय? तर एका नवऱ्याला पोचवून आलो.

हा नवरा कधी जन्मालाच आला नव्हता. पण सांगली-मिरजेच्या बाजूला त्याने वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्या, आणि त्याला जन्माला घालणारा मी. थोर स्त्रियांच्या चरित्रांची माझी एक छोटी पुस्तिका आहे. ती कोणाच्या घरी अजून रद्दीत गेली नसेल, तर कृपा करून तिच्यातला 'कोरियाची डॉक्टरीण' हा पाठ काढावा आणि त्यातला नवरा खोडावा. का, ते पुढे येईलच.

मी मिरजेच्या एका शाळेत मराठीचा मास्तर होतो, आणि संध्याकाळचा व्याख्याता. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एका इंग्रजी साप्ताहिकाचा फाटका अंक मिळाला. त्यात कोरियातल्या कोण्या डॉ. हान यांच्यावर जेमतेम दोन परिच्छेद होते. परदेशी जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन मुलींची शाळा काढली, जपानी राजवटीविरुद्ध चळवळीत पडून तुरुंगात गेल्या, सुटल्यावर कंदील घेऊन रात्री-अपरात्री रोगी तपासत हिंडल्या. बस्स. दोन परिच्छेदांत तासाभराचं व्याख्यान होत नाही. काहीतरी कमी होतं. आपल्याकडच्या थोर बाईच्या चरित्रात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर नवरा पाटी-पेन्सिल घेऊन हजर असतो. इथे तो नव्हता. मला वाटलं, लिहिणारा विसरला असेल. मी दिला. उंच, मितभाषी, समाजाचे शिव्याशाप सोसून बायकोला शिकवणारा. रात्री रोग्याकडे जाताना एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात कंदील घेऊन तो पुढे चालायचा. व्याख्यानात इथे आलो की बायका डोळे पुसायच्या आणि पुरुष जरा ताठ बसायचे, जणू तो कंदील त्यांनीच धरलाय.

इथवर हे एका मास्तराचं पाप. पुढचं बापाचं आहे. माझी मुलगी वंदना बारावीला थोडक्या मार्कांनी मेडिकलला हुकली. पुन्हा बसते म्हणाली. तेवढ्यात गल्फमधल्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. तिला पटवायला मी कोणाला पुढे केलं असेल? कंदीलवाल्याला! "लग्न झाल्यावर शिक. हानबाई नाही शिकल्या? नवरा चांगला असला की झालं." तिने ऐकलं. आता ती दुबईतल्या एका दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते आणि लोकांना सांगते, "डॉक्टर बिझी आहेत, थोडं थांबा."

*शारजा*

जावईबापूंचं, म्हणजे श्रीकांतरावांचं, घर शारजात. दोघांच्या नोकऱ्या दुबईत, पण भाडं शारजात कमी, म्हणून हजारो माणसं सकाळी तिकडे रांगतात आणि संध्याकाळी इकडे रांगतात. विमानतळावर बॅग उघडली तर लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटलेली. तेल माझ्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यात झिरपलं होतं. कस्टमच्या अधिकाऱ्याने एक पुस्तिका चिमटीत धरून हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि "यल्ला, यल्ला" म्हणून हाकललं. माझ्या साहित्याचं इतकं प्रामाणिक परीक्षण आजवर झालं नव्हतं.

गाडीत श्रीकांतरावांनी चोरट्या आवाजात सांगितलं, "बाबा, शारजात ड्रिंक्स अलाउड नाहीत हं. तुम्हाला हवं असेल तर..." मी आयुष्यात ताकापुढे गेलेलो नाही. पण उदारपणे म्हणालो, "चालेल. काढू कसेतरी दिवस."

पुस्तिका आणल्या होत्या त्या वंदनाच्या सांगण्यावरून. दुबईतल्या मराठी कुटुंबांचं संक्रांतीचं हळदीकुंकू एका शुक्रवारी ठरलं होतं आणि तिथे माझं व्याख्यान. विषयही तिनेच दिला होता. "तेच करा बाबा, कोरियाचं. नव्या लोकांनी ऐकलेलं नाही." मी दुसरा विषय सुचवून पाहिला. संतसाहित्यातला विनोद. "नको," वंदना म्हणाली, "हळदीकुंकवाला बायका येतात. बाईबद्दल बोला."

नात मुक्ता तेरा वर्षांची. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी विचारायचो, "शाळा कशी आहे गं?" ती म्हणायची, "ओके, आजोबा." चार दिवस आमचा संवाद एवढाच होता. पाचव्या दिवसापासून वाढला, त्याला कारण मला बसलेली धडक.

*तळ्याकाठची धडक*

घराजवळ खाडीचं पाणी आत आल्यामुळे तयार झालेलं मोठं तळं आहे, काठाने फरशी घातलेली. जानेवारीत तिथे आपल्या दिवाळीच्या पहाटेसारखी हवा असते. मुक्ताला शाळेची सुट्टी चालू होती, म्हणून तिला घेऊन फिरायला गेलो. मी पाण्याकडे बघत चाललोय, आणि पाठीत काहीतरी जोरात आदळलं. वळून पाहतो तर एक वयस्कर बाई, उन्हाची मोठी टोपी, हातात पांढरे मोजे. माझ्याकडे पाठ करूनच उभी. बाई उलट्या चालत होत्या!

मला वाटलं, काही नवस असेल. आपल्याकडे लोटांगण घालतात, यांच्याकडे उलटं चालत असतील. त्यांनी वळून कमरेतून वाकून माफी मागितली, मुक्ताशी मोडक्या इंग्रजीत बोलल्या. त्या कोरियन. मुलगा इथे इंजिनियर, त्या त्याच्याकडे आलेल्या. उलटं चालल्याने गुडघे चांगले राहतात, आणि त्या निवृत्त शिक्षिका, कवायतीच्या.

मग त्यांनी लगेच माझं वय विचारलं. आपल्याकडे बाईने पुरुषाचं वय विचारलं की पुढचा प्रश्न आजाराचा असतो. मी सांगितलं. त्या माझ्याहून लहान निघाल्या तशा पुन्हा वाकल्या, आधीपेक्षा खोल. मुक्ता म्हणाली, त्यांच्याकडे मोठा कोण ते आधी ठरतं, मग बोलण्यात आदर किती ते. मला हे फार आवडलं. माझं वय पाहून घरात कोणी वाकत नाही, टीव्हीचा रिमोटसुद्धा मिळत नाही.

त्यांचं आडनाव पाक, मुलाचं चोई. मी सहानुभूतीने मुक्ताला विचारलं, "दुसरं लग्न का गं?" कार्टीने ते जसंच्या तसं इंग्रजीत विचारलं. पाकबाई हसून हसून बाकावर बसल्या. त्यांच्याकडे लग्नानंतर बाई आपलं आडनाव टाकत नाही. "नवऱ्याचं काम नवऱ्याचं, नाव माझं," असं काहीतरी त्या म्हणाल्या. मुक्ता त्यांना 'हाल्मोनी' म्हणू लागली, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. दोन सकाळींत तिला कोरियन नातं लावता आलं. मला मात्र अजून 'ओके, आजोबा'.

हाल्मोनी रोज भेटू लागल्या. त्या उलट्या, मी सुलटा, त्यामुळे समोरासमोर बोलणं सोपं पडायचं. एकदा मी जरा ऐट मारली. मुक्ताला म्हणालो, "सांग त्यांना, मी त्यांच्या देशातल्या डॉ. हान यांच्यावर लिहिलंय."

बाई थबकल्या. "डॉक्टर हान? गर्ल्स स्कूल डॉक्टर हान?" आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "माय स्कूल!"

घामाला जानेवारी कळत नाही. एवढ्या मोठ्या जगातून, एवढ्या मोठ्या कोरियातून, नेमक्या त्याच शाळेची मुलगी उलटं चालत येऊन माझ्याच पाठीत आदळावी, याला मी देव म्हणणार नाही, पण खोडसाळपणा नक्की म्हणेन.

*पाकबाईंकडे जेवण*

शनिवारी त्यांनी जेवायला बोलावलं. वंदना कामावर होती, म्हणून मी आणि मुक्ता. दारात चपला काढायच्या. बसायला जमिनीवर. बरं वाटलं, आपल्याच घरी आल्यासारखं. भात, तिळाच्या तेलातली पालेभाजी, कागदासारखं काळं कुरकुरीत समुद्री शेवाळ, आणि एक लालभडक कोबी. त्या कोबीचा वास बरणी उघडताच घरभर. मी डोळे मिटून तो वास घेतला आणि आमच्या आईची खारातली मिरची आठवली. त्याही ती बरणी कोरियाहून कपड्यांत गुंडाळून आणतात. त्यांची फुटत नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर मुक्ताने सांगितलं की त्यात कोळंबी असते. जन्मभराचा शाकाहार! तिसऱ्यांदा घेतला तो मात्र जाणूनबुजून.

जेवण झाल्यावर पाकबाई हानबाईंबद्दल सांगू लागल्या. त्या शाळेत होत्या तेव्हा हानबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण रोज सकाळी फाटकात उभ्या राहून मुलींची नखं बघायच्या. घाण निघाली की रागवायच्या नाहीत, स्वतः बसून कापायच्या. तुरुंगात बोटं गारठून निकामी झाली होती, कात्री धरताना त्यांचाच हात थरथरायचा. मुली घाबरून रात्रीच नखं कापून यायच्या.

मी दोन परिच्छेदांतून ही बाई वर्षानुवर्षं उभी केली होती, आणि तिची नखकात्री मला माहीत नव्हती.

मी हळूच मुक्तामार्फत विचारलं, "आणि त्यांचे यजमान?"

पाकबाईंना प्रश्न कळेना. मुक्ताने पुन्हा विचारलं. मग त्यांनी दोन्ही हात झाडले. "नो हजबंड. नेव्हर."

एकदा वर्गातल्या धीट मुलींनी हानबाईंना विचारलं होतं, तुम्ही लग्न का नाही केलं? त्या म्हणाल्या होत्या, "रात्री बोलावणं आलं की मला कोणाला विचारून निघावं लागत नाही."

बुडत्याला काडीचा आधार म्हणून मी विचारलं, "पण कंदील? रात्री कंदील कोण धरायचं?"

पाकबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी कवायतीत डावा-उजवा न कळणाऱ्या मुलाकडे टाकत असतील. त्यांनी एक हात वर केला, "बॅग." दुसरा हात वर केला, "लॅम्प." मग हात तसेच ठेवून खोलीभर दोन पावलं टाकून दाखवली. सुलटी.

त्या खोलीत मला माझा नवरा स्पष्ट दिसला. उंच, मितभाषी. बिचाऱ्याच्या हातात आता धरायला काही नव्हतं.

मी काय केलं? "पुस्तिकेत छपाईची चूक झाली असेल," असं मुक्ताला म्हणालो. आख्खा नवरा, आणि छपाईची चूक! मुक्ताने त्याचं भाषांतर केलं नाही. घरी येताना लिफ्टमध्ये म्हणाली, "सो देअर वॉज नो हजबंड?" मी म्हणालो, "बघू. पाहतो संदर्भ." मास्तर खोटं बोलताना संदर्भ पाहतो.

त्याच संध्याकाळी कळलं की वंदनाने पाकबाईंना फोन करून व्याख्यानाचं निमंत्रण देऊन टाकलंय. पहिल्या रांगेत बसवणार, हातून तिळगूळ वाटवणार, आणि मुक्ता त्यांच्या कानात भाषांतर करणार. वंदना आनंदात होती. "बाबा, तुमच्या डॉक्टरीणबाईंची खरी विद्यार्थिनी! असा योग येतो का?"

दुसऱ्या दिवसापासून माझा घसा दुखू लागला.

*शारजा ते दुबई*

घशासाठी वंदनाने हळद-दूध, आलं, दवाखान्यातली गोळी, सगळं केलं. घसा बरा झाला नाही, कारण तो बिघडलाच नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही निघालो. श्रीकांतराव गाडी चालवत, शेजारी मी. मागे काळी चंद्रकळा नेसलेली वंदना, मधे मुक्ता, आणि छातीपासून खाली घेरदार फुगलेला गुलाबी पोशाख घातलेल्या पाकबाई. त्या पोशाखात मुक्ता निम्मी बुडाली होती.

दुबईचा रस्ता लागला आणि सगळं थांबलं. शुक्रवार, त्यात पुढे कुठेतरी अपघात. चारी बाजूंना दिवेच दिवे. "खलास," श्रीकांतराव म्हणाले, आणि हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. पुढेही जाता येईना, मागेही. गाडीचं दार उघडून पळावं तर मी कुठे जाणार? शारजा माहीत नाही, दुबई माहीत नाही, आणि मिरज समुद्रापार.

"वंदे, एक सांगायचं होतं," मी मान न वळवता म्हणालो.

"घसा सोडून काहीही सांगा."

"त्या हानबाईंना नवरा नव्हता."

"म्हणजे? लवकर गेला?"

"गेला नाही. नव्हताच. लग्नच नव्हतं."

श्रीकांतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बाबा, तो कंदील..."

"कंदील होता. नवरा मी घातला."

मागे मुक्ताचं भाषांतर चालू झालं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. "हाल्मोनी, आजोबा सेज देअर वॉज नो हजबंड. ही मेड हिम अप."

"यस, यस," पाकबाई आनंदाने म्हणाल्या, "नो हजबंड. आय टोल्ड हिम."

"कधी?" वंदनाने विचारलं. मला.

"शनिवारी. जेवताना." मग राहवलं नाही. "पण तो मी घातलेला, हे मला आधीपासून माहीत होतं. तुला सांगितलं तेव्हाही. लेखात नवरा नव्हता."

शेजारच्या गाडीतला माणूस खाली उतरून आळस देत होता. मी मनात उत्तरं जुळवत होतो: हेतू चांगला होता, काळ तसा होता. जुळवली आणि टाकून दिली. मास्तरकीत असली उत्तरं मी पोरांकडून पुष्कळ ऐकली होती.

"त्या दिवशी तुम्ही ओट्यापाशी आला होतात," वंदना म्हणाली. "मी पोह्याला कांदा चिरत होते. म्हणालात, वर्ष फुकट घालवू नकोस. म्हणालात, चांगला नवरा शिकवतो. मग ते पान वाचून दाखवलंत. कंदिलाचं."

"तुला आठवतं?"

"पाठ आहे मला, बाबा."

श्रीकांतराव चुळबुळले. "मी पण म्हणालो होतो, शीक म्हणून. ते दरवर्षी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत..."

"अहो, तुमच्याबद्दल नाही चाललंय," ती म्हणाली. "तुम्ही बरे आहात. तुम्ही खरे आहात ना, तेवढीच अडचण."

श्रीकांतरावांनी हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. गाडी दहा पावलं सरकली आणि पुन्हा थांबली.

"आज काय सांगणार आहात?" वंदनाने विचारलं.

"घसा जरा..."

"बाबा."

"जे होतं ते सांगतो."

"इन्शाल्ला," मुक्ता म्हणाली; इकडे न होणाऱ्या कामाबद्दल असंच म्हणतात. तिच्या बापाला हसू आलं. मलाही यायला हवं होतं.

*हॉल*

दुबईच्या अल मनखूल भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये काळ्या साड्यांची गर्दी होती. तिळगूळ, वाणाचे प्लॅस्टिकचे डबे, इंग्रजी बोलत धावणारी पोरं. मी उभा राहिलो. समोर पाकबाई, त्यांच्या कानाशी मुक्ता.

नखकात्रीपासून सुरुवात केली. चांगली चालली. शेवटी म्हणालो, "एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कंदील, आणि ती एकटी." नेहमीच्या सवयीने टाळ्यांसाठी थांबलो. टाळ्या आल्या नाहीत. फक्त पाकबाईंनी वाजवल्या, त्याही भाषांतर उशिरा पोचल्यामुळे, मी पुढचं वाक्य सुरू केल्यावर.

संपल्यावर एक गृहस्थ उठले. सांगलीकडचेच निघाले. "काका, तुमचं हे व्याख्यान मी लहानपणी ऐकलंय. त्यात यजमानांचा फार सुंदर भाग होता. तो राहिला का?"

हीच ती वेळ. वंदना दाराशी वाणाचे डबे मोजायचं थांबली होती. आणि मी, वाचकहो, माझ्या जन्मभराच्या शिक्षणाला स्मरून म्हणालो, "नवीन संशोधनानुसार त्या अविवाहित होत्या."

नवीन संशोधन पहिल्या रांगेत गुलाबी झग्यात बसून तिळगूळ खात होतं. मुक्ताने कपाळावर हात मारला. वंदना पुन्हा डबे मोजू लागली.

एवढं अर्धंच मी तिथे केलं. उरलेलं अर्धं इथे लिहून पुरं करतोय. संशोधन नव्हे, थाप होती, माझी. आणि ती मी टाळ्यांसाठीच नाही, घरातसुद्धा वापरली.

*निघताना*

परतीच्या दिवशी पाकबाई कोबीची बरणी घेऊन आल्या, दोन्ही हातांनी दिली, मी दोन्ही हातांनी घेतली. माझी नखं कापलेली होती, आधीच बघून घेतलं. वाकून त्या गेल्या. मुक्ता म्हणाली, "आजोबा, पुन्हा या." मराठीत.

पुस्तिकांचा गठ्ठा तसाच उरला होता. व्याख्यानानंतर कोणी घेतल्या नव्हत्या, लोणच्याचा वास होताच. बॅग भरून झाल्यावर मी टेबलाशी बसून एकेका प्रतीतला नवरा काळ्या पेनाने खोडायला लागलो. खोडताना लक्षात आलं, लिहिला मात्र बरा होता. वंदना दवाखान्यात रजा टाकून घरीच होती. ती येऊन शेजारी उभी राहिली, प्रती पुढे सरकवू लागली. मी खोडायचो, ती बाजूला ठेवायची.

खाली श्रीकांतरावांनी हॉर्न वाजवला. शेवटची प्रत मी उघडली, तसा तिने माझ्या हाताखालून ती काढून घेतली.

"ही राहू दे."

"अगं, हिच्यात तो तसाच आहे."

"माहितीये." तिने प्रत मिटून पर्समध्ये टाकली. "माझं लग्न तुम्ही ह्याच्याशीच लावून दिलं होतंत."